हरवलेले नऊ टक्के

गाडी दारात आली तशी आप्पांनी आधी बॉनेट उघडलं, आत डोकावले, आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, यात इंजिनच नाही!"

"विजेवर चालते ती, आप्पा," लेक म्हणाली.

"विजेवर पंखा चालतो. मिक्सर चालतो. त्यात बसून कोणी गावाला जात नाही."

आप्पांचंही फारसं चुकत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं होतं. नखांच्या कडांतलं काळं ऑइल निवृत्तीनंतरही पूर्ण निघालं नव्हतं, आणि निघू नये असंच त्यांना वाटत असावं. नुसत्या आवाजावरून कोणता प्लग गेलाय ते सांगणारा हा माणूस, आणि त्याच्यापुढे जी गाडी आली ती आवाजच करत नव्हती. आता अशा गाडीशी बोलायचं तरी काय? त्यांनी बॉनेट लावलं, हात झटकले आणि जाहीर केलं की या खेळण्यात आपण बसणार नाही.

लेकीला घरीदारी सगळे 'कात्री' म्हणत. ती केस कापायची हे एक कारण, आणि तिची जीभ कशी चालायची हे दुसरं. जावयाला विचाराल तर तो दुसरंच खरं म्हणून सांगेल. कात्रीचं दुकान नव्हतं. जे लोक दुकानापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी ती जायची. अंथरुणाला खिळलेले, चाकांच्या खुर्चीतले, नुकतं ऑपरेशन झालेले. फुगवायचा रबरी टब, दोन किटल्या, टॉवेलांची चळत, ड्रायर आणि कातडी पाकिटातल्या कात्र्या एवढा तिचा संसार. पडल्या पडल्या माणसाचे केस धुऊन द्यायचे, कापायचे, वाळवायचे, आरसा समोर धरायचा. महिन्याभराने पहिल्यांदा डोक्यावर गरम पाणी पडलं की माणसं अक्षरशः रडतात, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की टॉवेल ती नेहमी एक जास्तीचा घेऊन जायची.

अडचण होती ती अंतराची. तिची निम्मी गिऱ्हाइकं टेकडीवरच्या वस्तीत, आणि टेकडी म्हणजे वळणावळणाचा लांबलचक चढ. इतकी वर्षं ती आप्पांची जुनी व्हॅन घेऊन जायची. ती व्हॅन पेट्रोल पीत नव्हती, ढोसत होती. वर ऑइल, क्लच, सायलेन्सर, आज हे तर उद्या ते. टेकडीवर जाऊन आलं की हातात येणारे पैसे पेट्रोल पंपावरच्या पोराच्या हातात जायचे. शेवटी या हिवाळ्याच्या तोंडाला व्हॅनने कायमचे हात टेकले, आणि शहरातल्या मोठ्या सलूनमधून कात्रीला निरोप आला की एक खुर्ची रिकामी आहे, ये. पगार चांगला, डोक्यावर छप्पर, पण मग टेकडी बंद.

टेकडीवर तिच्या मास्तरीणबाई होत्या. कात्रीला पाढे त्यांनीच शिकवले होते, आणि छडीही त्यांनीच मारली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर होत्या. "तू आलीस की सोमवार असतो," त्या म्हणायच्या, "नाहीतर मला सगळे वार सारखेच." त्यांना 'आता येणार नाही' असं सांगायला कात्रीची जीभ काही केल्या उचलेना. म्हणून तिने साठवलेलं सगळं ओतून ही जुनी, छोटी, विजेवरची गाडी आणली. व्यापाऱ्याने सांगितलं, एक महिना वापरून बघा, पटली नाही तर त्या तारखेला पाचच्या आत परत आणा, पैसे परत. त्यानंतर मात्र आमची जबाबदारी नाही, बॅटरीची हमी संपलेली आहे.

"आणि नवी बॅटरी केवढ्याला?" आप्पांनी विचारलं होतं.

व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता.

"बघ," आप्पा म्हणाले. "घोड्यापेक्षा नाल महाग."

मग घरात तह झाला. बेकरीत काम करणारा जावई त्याला साक्षीदार. आप्पांनी शेडमध्ये चार्जरसाठी वेगळा मीटर स्वतः बसवला, कारण त्यांना लबाडी चालत नाही, दुसऱ्याचीही नाही आणि वायरचीही नाही. व्हॅनच्या महिन्याच्या पेट्रोलचे निम्मे पैसे धरले, त्या पैशांत किती युनिट वीज येते ते काढलं आणि मीटरच्या वर भिंतीवर लाल पेन्सिलीने लिहिलं, २७०. महिनाअखेर मीटर याच्या आत राहिला तर गाडी घरची. बाहेर गेला तर गाडी परत, आणि कात्री सलूनच्या खुर्चीमागे उभी. एकदाचा सोक्षमोक्ष.

पहिला आठवडा कात्री जमिनीवर नव्हतीच. गाडी सुरू होते ते कळतच नाही! पाय ठेवला की पळते! पंपावरून जाताना ती मुद्दाम काच खाली करायची आणि रांगेकडे बघून हात हलवायची. घरी येऊन एकेक खर्च मोजून दाखवायची. "ऑइल नाही! प्लग नाहीत! फिल्टर नाही, बेल्ट नाही, सायलेन्सर नाही! आप्पा, सर्व्हिसिंगला काय करतात माहितेय? काच पुसायचं पाणी भरतात!"

तिच्या लक्षात आलं नाही, पण ही यादी ऐकताना आप्पा दर शब्दाला थोडे थोडे खाली बसत होते. ऑइल तेच बदलायचे. प्लग तेच साफ करायचे. पोरीच्या व्हॅनचा प्रत्येक नटबोल्ट त्यांच्या हातून गेला होता, आणि आता त्या हातांना घरात टीव्हीच्या रिमोटशिवाय काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आकडे चुकायला लागले. संध्याकाळी ती गाडी चार्जिंगला लावायची. जावई बेकरीत जायला सगळ्यांत आधी उठायचा, वायर काढून गुंडाळून ठेवायचा, कोणाच्या पायात यायला नको म्हणून. एका सकाळी ती गाडीत बसली तर पडद्यावर शंभरच्या जागी सत्त्याण्णव. असेल काहीतरी, म्हणून सोडून दिलं. पुढे पंच्याण्णव. मग त्र्याण्णव. तिसऱ्या आठवड्यात एक्क्याण्णव.

तिने नवऱ्याला फोन लावला. "तू वायर काढलीस तेव्हा किती होते?"

"शंभर. हिरवा दिवा होता. का गं?"

"काही नाही. पाव जळतील, ठेव."

शंभर होते, आणि तासाभरात नऊ टक्के गेले. गाडी जागची हलली नाही, आणि नऊ टक्के गेले! ते गेलेले नऊ टक्के रोज संध्याकाळी पुन्हा भरायचे, म्हणजे मीटर पळणार. मीटरचा आकडाही लाल पेन्सिलीच्या दिशेने तिने मांडलेल्या हिशेबाच्या कितीतरी पुढे धावत होता. याचा अर्थ एकच होता. बॅटरी म्हातारी होती, तिला गळती लागली होती. व्यापाऱ्याने टोपी घातली होती. आणि आप्पांना सांगायची सोय नव्हती, कारण मग आयुष्यभर ते 'घोड्यापेक्षा नाल' ऐकावं लागलं असतं. खरं तर तेवढंच कारण नव्हतं. गाडी परत म्हणजे मास्तरीणबाईंचा सोमवार गेला, आणि ते मोठ्याने बोललं तर खरंच होईल अशी तिला भीती वाटत होती. ती मूग गिळून बसली. ज्या घरात कात्री गप्प बसते त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं, हे ओळखायला हवं होतं. पण गंमत अशी की त्या आठवड्यात आप्पाही गप्पच होते.

शेवटची तारीख आली. मीटर २७० ओलांडून पुढे गेला होता. व्यापाऱ्याचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, परत करायची असेल तर करा. तो सोमवार होता. कात्रीने मास्तरीणबाईंना कळवलं होतं की आज जमणार नाही, आणि पुढचं काहीच सांगितलं नव्हतं. गाडीतून आपला टब, किटल्या आणि टॉवेल उतरवून घ्यावेत म्हणून ती रोजच्यापेक्षा लवकर उठली, डोळे पुसले आणि शेडकडे गेली.

शेडचं दार सताड उघडं होतं. थंडीचा नुसता झोत येत होता. गाडीचे दिवे लागलेले. वायपर कोरड्या काचेवर करकर फिरत होते. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, कानटोपी घालून, स्टेअरिंगला कान लावून आप्पा बसले होते. हीटर पूर्ण सोडलेला, मागच्या काचेची ऊब चालू, सीटची ऊब चालू. जे जे बटण दिसलं ते ते त्यांनी दाबलं होतं.

"आप्पा!"

आप्पा दचकले. चोरी पकडल्यासारखे त्यांनी दोन्ही हात वर केले.

"काय करताय?"

"काय म्हणजे? गाडी गरम करतोय."

कात्री गाडीच्या दाराशी येऊन वाकली.

"व्हॅन नाही का मी रोज गरम करून ठेवायचो? थंडीत थंड इंजिन ओढलं की खराब होतं. तशीच हीसुद्धा." आप्पांनी आवाज खाली आणला. "पण पोरी, एक सांगायचंय तुला. किती दिवस सांगू-सांगू करतोय. गाडीत दोष आहे. मी पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसलो, मग दहा. आता पाऊण तास बसतो. बाहेर येऊन बॉनेटला हात लावतो तर गार! बर्फासारखं गार! ही गाडी गरमच होत नाही गं. तुला कसं सांगू ते कळेना. एवढी नाचत होतीस तू."

कात्रीने पडद्याकडे पाहिलं. ब्याण्णव. तिच्या डोळ्यांदेखत त्याचे एक्क्याण्णव झाले.

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग शेडच्या पत्र्याला पाठ टेकून, पोट धरून. आप्पांना वाटलं धक्क्याने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"आप्पा, तिला गरम व्हायचंच नसतं! इंजिन कुठाय तिच्यात? तुम्हीच तर पहिल्या दिवशी गल्लीला ओरडून सांगितलंत!"

आप्पांच्या डोक्याला सगळं ठाऊक होतं, हो. पण चाळीस वर्षांची सवय हातांना होती, आणि हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"आणि दार कशाला उघडं टाकलंय एवढ्या थंडीत?"

"धूर," आप्पा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाच ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. "बंद शेडमध्ये धूर कोंडतो. नंतर गाडीची चारही दारं उघडून हवा खेळवतो मी. तू यायच्या आत..." त्यांनी कपाळाला हात लावला. "आई गं!"

कात्रीने त्यांना मिठी मारली, कानटोपीसकट. बॅटरी धडधाकट होती! कोणी टोपी घातली नव्हती! गळती होती ती एकच, आणि तिने कानटोपी घातली होती.

"थांब, थांब," आप्पा तिला बाजूला करत म्हणाले, कारण डोळे त्यांचेही भरले होते आणि ते दाखवायचे नव्हते. "अंदाजपंचे नको. मी किती वीज खाल्ली?"

तिथेच भिंतीवर, लाल आकड्याखाली त्यांनी स्वतः हिशेब मांडला. रोजचे साधारण दोन युनिट, सुरुवातीचे दिवस थोडे कमी धरून. बेरीज केली, ती मीटरमधून वजा केली आणि पेन्सिल कानाला लावून मागे सरकले. उरलेला आकडा २७०च्या कितीतरी आत होता.

"मी तुला जवळजवळ बुडवलंच होतं की," ते पुटपुटले.

"बुडवलं नाही ना! चला!"

"कुठे?"

"टेकडीवर. आज सोमवार आहे!"

"मी? या खेळण्यात?"

"तुम्ही महिनाभर रोज सकाळी बसलाय तिच्यात. माझ्यापेक्षा जास्त तुम्हीच बसलाय."

आप्पा शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा दोनदा ओढून तपासला.

सपाटीवर ते शांत होते. चढ लागला तसे पडद्यावरचे आकडे भराभर उतरायला लागले आणि आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. साठ. पंचावन्न. "अगं, हळू!" पन्नास. "एसी आहे का चालू? रेडिओ बंद कर!" पंचेचाळीस. "आपण उतरून ढकलूया का थोडं?" कात्री नुसती हसत होती आणि गाडी जड सामान आणि जड मनाचा म्हातारा घेऊन वळणामागून वळण गुपचूप चढत होती. वर पोहोचले तेव्हा पडद्यावर एकेचाळीस होते, आणि आप्पांनी मनातल्या मनात क्रेनवाल्याला बोलावूनही घेतलं होतं.

दार उघडल्याचा आवाज मास्तरीणबाईंनी ऐकला आणि त्या पलंगावरूनच ओरडल्या, "येणार नव्हतीस ना?"

"सोमवार आहे ना, बाई!" कात्री ओरडली आणि किटली लावायला पळाली.

आप्पांनी टब फुगवायला मदत केली, पाणी ओतलं, टॉवेल धरला. पांढरे, मऊ केस बोटांतून सुटे होत गेले आणि बाई डोळे मिटून म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी?" कात्रीने वडिलांकडे पाहिलं. आप्पा टॉवेलची घडी घालण्यात गुंग असल्यासारखे उभे होते.

"मेस्त्रींना विचारा," ती म्हणाली.

"परत पोहोचलो तर," आप्पा म्हणाले.

मग उतार सुरू झाला. कात्रीने पाय उचलला. गाडी स्वतःहून हळू झाली, मऊ आवरून धरल्यासारखी. आप्पा आकड्यांकडे टक लावून होते. एकेचाळीस. पुढचं वळण. बेचाळीस.

आप्पांनी डोळे चोळले. "बिघडलंय वाटतं. उलटं मोजतंय."

"उलटं नाही. भरतेय."

"काय भरतेय?"

"उतारावर चाकं मोटर फिरवतात. बॅटरी भरते."

त्रेचाळीस.

आप्पा सीटवर सरसावून बसले. आयुष्यभर त्यांनी ब्रेक दुरुस्त केले होते. ब्रेक म्हणजे काय, तर माणसाने पैसे देऊन घेतलेला वेग घासून, जाळून, धूळ करून टाकायचा. या टेकडीवरून उतरलेल्या गाड्यांचे तापून काळेनिळे पडलेले ब्रेकचे ड्रम त्यांनी हातात घेतले होते, त्या वासासकट.

"म्हणजे," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ब्रेक मारला की पेट्रोल टाकीत परत?"

"तसंच समजा!"

चव्वेचाळीस.

"अगं!" आप्पांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "अगं पोरी! टेकडी आपल्याला पैसे देतेय!"

पंचेचाळीसला त्यांनी कानटोपी काढली. सेहेचाळीसला काच खाली करून समोरून धापा टाकत येणाऱ्या ट्रकला ते ओरडले, "सेहेचाळीस!" ट्रकवाल्याला काय कळणार? त्याने हॉर्न दिला. आप्पांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. पायथ्याला आल्यावर ते म्हणाले, "पुन्हा वर जाऊया?" आणि ते गंमत करत नव्हते.

पायथ्यालाच व्यापाऱ्याचा फोन आला. गाडी कधी आणताय, गिऱ्हाईक थांबलंय. कात्रीने तोंड उघडायच्या आत आप्पांनी फोन हिसकावून घेतला.

"कोण गिऱ्हाईक? त्याला म्हणावं, रांगेत मागे उभा राहा. गाडी घरची आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि हो, त्याला दुसरी द्याल तेव्हा एक सांगा. गरम करायची नसते."

त्या रात्री जावयाने सगळं ऐकलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला. व्हॅनच्या दिवसांत सकाळी गाडीत बसलं की आतून छान ऊब यायची, ती कात्रीला जेवताना आठवत होती. तेव्हा तिला वाटायचं, व्हॅनच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी ती आवरून शेडमध्ये आली. दार बंद होतं. आप्पा आत नव्हते. ते स्वयंपाकघरात चहा ओतत होते आणि इकडे मुळीच बघत नव्हते. तिने गाडीचं दार उघडलं आणि उबेचा एक लोट तोंडावर आला. सीट कोमट, स्टेअरिंग कोमट. धूर नाही म्हटल्यावर आज त्यांनी दारं उघडली नव्हती. पडद्यावर पूर्ण शंभर. जावयाने वायर काढायच्या आत, भिंतीच्या विजेवरच कोणीतरी गाडी ऊबदार करून ठेवली होती.

ती तशीच परत आली. "आप्पा, गरम करायची नसते ना?"

"गाडी नाही," आप्पा कपात बघत म्हणाले. "गाडीला कोण करतंय? थंडीत तुझी बोटं आखडतात. पहिल्यापासून. आखडलेल्या बोटांनी कात्री धरलीस तर त्या बाईंचा कान कापशील." त्यांनी कप पुढे सरकवला. "युनिट लागतंय थोडं. माझ्या नावावर लिही."

कात्रीने चहा तसाच ठेवला, शेडमध्ये गेली आणि लाल पेन्सिल उचलली. भिंतीवरच्या २७०च्या शेजारी तिने आणखी वीस मिळवले, खाली जाड रेघ ओढली, आणि आप्पा दारात येऊन बघतायत हे माहीत असूनही मागे वळली नाही.

"हा खर्च गाडीचाच आहे," ती म्हणाली. "हा धरूनच परवडते."